दुधाच्या खाड्यांशेजारी विजेचे युनिट: घरातल्या वापराचा रोजचा हिशोब कसा ठेवायचा

आमच्या परभणीच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागं एक कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यावर दुधाचे खाडे असतात, सिलिंडर लावल्याची तारीख असते, भांडेवाल्या मावशींच्या सुट्ट्या असतात. सिलिंडर बावीस दिवसांतच संपलं तर लगेच चौकशी बसते: पाहुणे कोण आले होते, तळण किती झालं, अंघोळीचं पाणी गॅसवर कुणी तापवलं. विजेची अशी चौकशी कधीच बसत नव्हती. बिल यायचं, कुणीतरी ‘या खेपेला जास्तच आलंय’ म्हणायचं, मोबाइलवरून पैसे भरले जायचे आणि विषय संपायचा.

फरक घरच्या माणसांच्या काटकसरीत नव्हता, नोंदीत होता. गवळ्यानं महिनाभर रतीब घातला आणि शेवटी ‘इतके झाले’ एवढंच सांगितलं, कोणत्या दिवशी किती ते सांगितलं नाही, तर आपण त्याच्याशी भांडू. विजेचा हिशोब मात्र आपण वर्षानुवर्षं तसाच घेतो. मेच्या पहिल्या आठवड्यात चाललेल्या कूलरचा आकडा जूनमध्ये हातात येतो. तोवर कोणत्या दिवशी काय चाललं हे आठवत नाही, आणि आठवलं तरी बिलात सगळं एकत्र कालवलेलं असतं.

यावर जवळजवळ पन्नास वर्षं प्रयोग चालू आहेत. तेलसंकटानंतर, १९७०च्या दशकात, प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या ट्विन रिव्हर्स या वसाहतीतल्या काही घरांना त्यांचा रोजचा वापर कळवत राहण्याची सोय केली. त्या घरांनी उन्हाळ्यात शेजारच्या तशाच घरांपेक्षा सुमारे १० टक्के कमी वीज वापरली. त्यांना नवीन यंत्र कुणी दिलं नव्हतं, आकडा दिला होता. पुढं २००६ साली ऑक्सफर्डच्या सारा डार्बी यांनी अशा बऱ्याच प्रयोगांचा आढावा घेतला. वापर तिथल्या तिथं दिसला तर बचत ५ ते १५ टक्के होते, आणि नंतर बिलातून कळला तर ० ते १० टक्के, असा त्याचा गोषवारा. या शून्याकडं लक्ष द्या. नुसतं बिल सविस्तर छापलं म्हणून कुणी बटण बंद करतंच असं नाही.

खाली जे लिहितोय ते तीन उन्हाळे करून बघितलेलं आहे. खर्च एका पेनचा. पेन मात्र कॅलेंडरलाच दोरीनं बांधा, नाहीतर तिसऱ्या दिवशी ते सापडत नाही आणि नोंद तिथंच थांबते.

आधी मीटर ओळखून घ्या

आताचे मीटर इलेक्ट्रॉनिक असतात. पडद्यावर आकडे आळीपाळीनं येतात, काही मीटरवर बटण दाबावं लागतं. तारीख येते, वेळ येते, व्होल्टेज येतं, सर्वाधिक मागणीचा आकडा येतो. आपल्याला हवा असतो ‘केडब्ल्यूएच’ या अक्षरांसोबत येणारा, सतत वाढत जाणारा आकडा. तोच युनिट, म्हणजे हजार वॅटचं यंत्र तासभर चालल्यावर लागणारी वीज. ‘केव्हीएएच’ असा त्याच्यासारखाच दिसणारा एक आकडा काही मीटरवर येतो, तो लिहू नका. खात्री करायची तर मागच्या बिलावरचं ‘चालू रीडिंग’ बघा. पडद्यावरचा आकडा त्याच्या थोडा पुढं असेल.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ ३२०० किंवा १६०० असा काहीतरी आकडा छापलेला असतो, पुढं इंग्रजीत ‘इम्प/केडब्ल्यूएच’. म्हणजे दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट झाला. या दिव्याकडं आपण कधी बघत नाही, पण घरात या क्षणी किती वीज ओढली जातेय हे सांगणारी एवढी स्वस्त गोष्ट दुसरी नाही. हिशोब असा: एका मिनिटात किती वेळा लुकलुकला ते मोजा, त्याला ६०,००० नं गुणा आणि मीटरवरच्या आकड्यानं भागा. उत्तर वॅटमध्ये येतं. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला १६ वेळा लुकलुकलं तर ३०० वॅट. मोबाइलवर व्हिडिओ काढून नंतर मोजलं तर चुकत नाही.

मीटर जिन्याखाली, अंधारात किंवा बाहेरच्या खांबावर असेल तर लिहिण्याचं काम ज्याचा तिकडून रोज जाण्याचा रस्ता आहे त्याच्याकडं द्या. भाड्याच्या घरात मालकाचा सब-मीटर असेल तर त्याचाच आकडा घ्या. भावाभावांच्या वाड्यात एकच मीटर असेल तर अडचण खरी आहे. तिथं पुढं सांगितलेला प्लगमधला वीजमापकच कामी येतो. छतावर सोलर असेल तर घेतलेली आणि परत पाठवलेली असे दोन्ही आकडे लिहा, कारण सोलर बसल्यावर ‘आता काय फुकटच आहे’ म्हणून वापर वाढलेली घरं आमच्याच गल्लीत आहेत.

लिहायचं कुठं आणि कधी

मोबाइलच्या ॲपमध्ये लिहू नका. हे माझं ठाम मत आहे. ॲपमधला आकडा एकट्याला दिसतो, भिंतीवरचा सगळ्यांना. आकड्यानं वागणं बदलायचं असेल तर तो बटण दाबणाऱ्याच्या नजरेत पडायला हवा, आणि आमच्या घरात बटणं दाबणारी माणसं पाच आहेत.

वेळ एकच ठरवा. आम्ही रात्री साडेनऊ ठेवली, जेवणं उरकल्यावर. तारखेच्या चौकटीत वर मीटरचा आकडा, खाली कालच्यापेक्षा किती वाढला तो फरक. फरक मोठ्या अक्षरात लिहा. घरच्यांना मीटरचा ४८१२ कळत नाही, ‘आज ९’ कळतं. चौकटीच्या कोपऱ्यात दोन शब्द: ‘पाहुणे’, ‘इस्त्री’, ‘ढगाळ’, ‘लाइट ४ तास नव्हती’. हे दोन शब्द नसले तर महिन्यानं आकडा मुका होतो. लाइट गेली म्हणून आकडा कमी आला असेल तर ती आपली बचत नव्हे, हेही त्यावरूनच कळतं.

पहिल्या दिवशी आई म्हणाली, “काय लिहायलास रे ते? दुधाचा हिशोब पुसू नको म्हंजे झालं.” चौथ्या दिवशी तीच विचारायला लागली, “आज किती झालं?” आकडा वाढला तर ती आता माझ्याआधी कारण सांगते.

पहिला आठवडा काहीच बदलू नका

हे अवघड आहे, कारण वही उघडली की लगेच दिवे बंद करत फिरावंसं वाटतं. थांबा. आठ दिवस जसं राहता तसं राहा. नेहमीचं काय आहे हे माहीत नसेल तर कमी झालं की नाही कशावरून सांगणार?

रात्रीचा पाया

दुसऱ्या आठवड्यातलं पहिलं काम: कुणी काही वापरत नसतानाही किती वीज जाते ते मोजायचं. सगळे झोपायच्या बेतात असताना पाच मिनिटं पंखे, दिवे, कूलर बंद करा. फ्रिज, राउटर, सेट टॉप बॉक्स, इन्व्हर्टर, जे एरवी चोवीस तास लागलेलंच असतं ते असू द्या. मग लाल दिवा पाच मिनिटं मोजा. फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद असताना एकदा आणि चालू असताना एकदा.

आमच्याकडं कॉम्प्रेसर बंद असताना पाच मिनिटांत १६ वेळा लुकलुकला. ३२०० च्या मीटरवर म्हणजे ६० वॅट. वाचायला काहीच नाही वाटत. पण हे ६० वॅट दिवसाचे चोवीस तास, महिन्याचे तीस दिवस चालतात, म्हणजे ४३ युनिट. घरात कुणी काहीही न वापरता महिन्याला ४३ युनिट! मग एकेक प्लग काढत गेलो. राउटर आणि सेट टॉप बॉक्स मिळून वीसेक वॅट निघाले. उरलेला जवळजवळ सगळा भार इन्व्हर्टरचा. बॅटरी जुनी झाली होती. ती भरतच नव्हती आणि भरून घेणं थांबवतही नव्हती.

इन्व्हर्टर असलेल्या घरांनी एक सांभाळा. मोजण्यासाठी मेन स्विच खाली केला तर इन्व्हर्टर घर चालू ठेवतो, आणि मेन वर केल्यावर तेवढी बॅटरी पुन्हा भरायला लागतो. लगेच मोजलं तर आकडा फुगलेला येणार. बॅटरी पूर्ण भरलेली असताना मोजा.

याच बैठकीत आणखी एक चाचणी उरकून घ्या. मीटरनंतरचा मेन स्विच पूर्ण बंद केल्यावर लाल दिवा थांबला पाहिजे. दोन-तीन मिनिटं बघूनही तो लुकलुकतच असेल, तर कुठंतरी वीज गळतेय किंवा त्या वायरीवर घराबाहेरचं काही जोडलेलं आहे. अशा वेळी जाणता वायरमन बोलवा. मीटरचं सील किंवा झाकण स्वतः उघडू नका.

कोण किती खातं

२०१० साली अमेरिकेत शहजीन अत्तारी आणि सहकाऱ्यांनी ५०५ लोकांना विचारलं होतं, कोणतं उपकरण किती वीज घेतं आणि वाचवायला काय करावं. लोकांचे अंदाज सरासरीनं खऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होते. आणि वाचवायचं म्हटलं की पुष्कळांना दिवे बंद करणंच सुचलं. हे वाचलं तेव्हा मला माझे वडील आठवले. ‘लाइट बंद कर’ हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल! साठ वॅटच्या पिवळ्या बल्बच्या काळात ते बरोबरही होतं. मी ते वाक्य तसंच पुढं चालवत आलो, नऊ वॅटच्या एलईडीला.

नऊ वॅटचा एलईडी एक युनिट खायला १११ तास घेतो. पाणी तापवायचा दीड हजार वॅटचा रॉड तोच युनिट ४० मिनिटांत खातो. पोरगी खोलीतला दिवा विसरली म्हणून तिच्यावर ओरडायचं आणि बादलीत रॉड टाकून फोनवर गप्पा मारत बसायचं, असा आमचा कारभार होता.

आपल्या घरातल्या यंत्रांचा आकडा काढायची सोपी पद्धत: एक यंत्र बंद असताना मिनिटभर दिवा मोजा, चालू करून पुन्हा मोजा. फरक त्या यंत्राचा. फ्रिज मध्येच चालू झाला तर मोजणी टाका आणि परत करा. प्लगमध्ये बसणारा छोटा वीजमापक मिळतो, तो असेल तर फ्रिजसारख्या थांबून-थांबून चालणाऱ्या यंत्राला दोन दिवस लावून ठेवता येतो. गल्लीत चार घरांनी मिळून एक घेतला तरी पुरतो. गिझर किंवा एसीसाठी १६ अँपिअरचाच घ्या.

आमच्याकडं निघालेलं सांगतो. जुना छताचा पंखा ७५ वॅट. मराठवाड्यात तो फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतो आणि दिवाळीपर्यंत थांबत नाही. दिवसाला १८ तास धरले तर एका पंख्याचे महिन्याला ४० युनिट, आणि पंखे तीन. ३० वॅटच्या आसपास चालणारा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) पंखा लावला तर एका पंख्यामागं महिन्याला २४ युनिट वाचतात. सगळे एकदम बदलायची गरज नाही. जो सर्वांत जास्त तास फिरतो तो आधी. आमच्याकडं तो आईच्या खोलीतला होता, हॉलमधला नाही. हॉलमधल्याचा आवाज जास्त येतो म्हणून तोच जास्त खातो असं वाटायचं.

कूलर १८० वॅट निघाला, रात्रभर दहा तास चालला तर १.८ युनिट. कूलरमध्ये बचत वेळ कमी करून होत नाही, खिडकी उघडून होते. समोरची खिडकी किंवा दार किलकिलं नसेल तर दमट हवा बाहेर जात नाही, अंगाला चिकचिक होते, आणि माणूस तो सगळ्यात मोठ्या वेगावर चालवत राहतो. एसी असेल तर तापमान एका अंशानं वर नेण्यामागं सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशोब आहे. अठरावर लावून वर गोधडी घेणाऱ्यांनी तो एकदा स्वतःच्या मीटरवर पडताळून बघावा.

बोअरची मोटार

ही वेगळी सांगतो, कारण आपल्या भागात हिच्यावर सगळ्यात कमी लक्ष जातं.

एक एचपीची मोटार चालू केली की आमच्या मीटरचा दिवा मिनिटाला साठच्या आसपास लुकलुकतो, म्हणजे साधारण १.१ किलोवॅट. फेब्रुवारीत गच्चीवरची टाकी ४० मिनिटांत भरायची, पाऊण युनिटाच्या आत. मेमध्ये तीच टाकी भरायला पावणेदोन तास लागले, जवळजवळ दोन युनिट. टाकी तीच, घरातली माणसं तीच, पाण्याचा वापरही तोच. बोअरचं पाणी खाली गेलं होतं आणि धार बारीक झाली होती.

म्हणून कॅलेंडरवर मोटारीची वेगळी खूण करा: ‘मो ४०’, ‘मो ५५’. दोन महिन्यांत ही एक नोंद तीन गोष्टी सांगायला लागते. पाण्यासोबत वीज किती जातेय हे कळतं. बोअर कधी ओढ देतोय हे मोटार कोरडी चालून जळायच्या आत कळतं. आणि पाणी उतरलेलं नसतानाही मिनिटं एकाएकी वाढली, तर पाइपाची गळती किंवा मोटारीतलाच बिघाड शोधायची वेळ झालेली असते.

आमच्याकडं दुसरीच गोष्ट सापडली. तीन दिवस सलग ‘मो ९०’ आलं. पाणी तर त्या मानानं खाली गेलेलं नव्हतं. वर जाऊन बघितलं तर टाकी कधीच भरून पन्हाळीतून पाणी वाहत होतं, आणि खाली सगळे दुपारच्या झोपेत. त्या दिवशी तीनशे रुपयांचा पाण्याचा अलार्म बसवला. तो टाकी भरली की इतका कर्कश वाजतो की शेजारचे काका येऊन सांगतात, मोटार बंद करा.

मराठवाड्यात वीज आणि पाणी तशीही वेगळी करता येत नाहीत. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. पाणी उपसायला वीज आणि वीज करायला पाणी.

युनिटाचे रुपये करा, पण बरोबर करा

घरगुती दराचे टप्पे असतात: १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढं चौथा. दर बदलत असतात, चालू दर महावितरणच्या संकेतस्थळावर मिळतात. पण गेल्या काही वर्षांत एक गोष्ट कायम आहे: दुसऱ्या टप्प्यातला वीज आकार पहिल्याच्या दुपटीहून जास्त आहे.

इथं दोन गैरसमज ऐकू येतात. एक म्हणजे ‘१०१ वा युनिट झाला की सगळेच युनिट महाग लागतात’. तसं नसतं. पहिले १०० पहिल्याच दरानं, फक्त वरचे दुसऱ्या दरानं. दुसरा जास्त नुकसानीचा: एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून ‘आपल्याला युनिट अमुक रुपयाला पडतो’ म्हणायचं. वाचवलेला युनिट हा नेहमी सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यातून कमी होतो. महिन्याला २२० युनिट वापरणाऱ्या घरात एक युनिट वाचला तर वीज आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) आणि वरचं १६ टक्के वीज शुल्क मिळून दहा रुपयांच्या वर जातात. रॉडच्या ४० मिनिटांची किंमत ही.

टप्पे रोजच्या भाषेत आणले की लक्षात ठेवायला सोपे पडतात. महिन्याला १०० म्हणजे दिवसाला सव्वातीनपेक्षा थोडे जास्त, ३०० म्हणजे दिवसाला १०. आमच्या घरात ‘दहाच्या आत’ हा शब्दच होऊन बसला आहे.

लक्ष्य ठेवा, तेही जरा अवघड

१९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात लॉरेन्स बेकर यांनी काही कुटुंबांना २० टक्के बचतीचं लक्ष्य दिलं, काहींना २ टक्क्यांचं. त्यातल्या निम्म्यांना आठवड्यातून तीनदा वापर कळवला, बाकीच्यांना नाही. खरी बचत, १३ ते १५ टक्के, केली ती फक्त अवघड लक्ष्य आणि आकडा दोन्ही मिळालेल्यांनी. लक्ष्य नुसतं असून चालत नाही, आकडा नुसता असूनही भागत नाही.

रोज ११ युनिट येत असतील तर ९ चं लक्ष्य धरा. दर आठवड्याला एकच बदल करा: या आठवड्यात रॉड बंद आणि पाणी गच्चीवर उन्हात, पुढच्या आठवड्यात राउटर रात्री बंद, त्यापुढच्या आठवड्यात इस्त्री रविवारी एकदमच. तीन बदल एकत्र केले तर कोणता कामाला आला ते कळत नाही, आणि मग जो जास्त त्रासाचा आहे तोही उगाच चालू राहतो. राउटर रात्री बंद करायचा प्रयोग आम्ही सोडून दिला. महिन्याला दोन-तीन युनिटांसाठी रोज सकाळी पोरांची कटकट कोण ऐकणार.

शेजाऱ्याशी तुलना

तुलनेत ताकद आहे, पण ती उलटतेही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावच्या प्रयोगात २९० घरांना त्यांचा वापर आणि परिसराची सरासरी कळवली. सरासरीपेक्षा जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला. आधीच कमी वापरणाऱ्यांनी मात्र तो वाढवला, ‘आपण तर फारच काटकसर करतोय’ असं वाटून. ज्यांच्या कागदावर आकड्याशेजारी एक हसरा चेहरा काढला होता, त्यांच्यात ही वाढ झाली नाही.

आपल्या जवळचं उदाहरण दिल्ली परिसरातलं आहे. अनंत सुदर्शन यांच्या अभ्यासात तिथल्या फ्लॅटमधल्या कुटुंबांना दर आठवड्याला शेजाऱ्यांशी तुलना करणारा अहवाल दिला, तेव्हा उन्हाळ्यातला वापर ७ टक्क्यांनी घटला. त्याच अहवालाला पैशाचं बक्षीस-दंड जोडलं तर तो परिणाम नाहीसा झाला. मला हे पटतं. पोराला ‘युनिट कमी आले तर दहा रुपये’ म्हणून मी बघितलंय. त्यानं तीन दिवस फ्रिजचा प्लग काढायची परवानगी मागितली आणि चौथ्या दिवशी दहा रुपयांना काय येतं असं विचारलं.

भिशीत किंवा बचत गटात आकडे वाचायचे असतील तर माणशी युनिट वाचा. सहा माणसांचं घर आणि दोघांचं घर एका रांगेत बसवू नका. आणि सर्वांत कमी आकडा आलेल्या घराचं तोंडावर कौतुक करा. हसऱ्या चेहऱ्याचं काम तेवढ्यानं होतं.

माझ्या मते सगळ्यात खरी तुलना स्वतःच्याच घराशी, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी. मेची फेब्रुवारीशी तुलना करून घाबरण्यात अर्थ नाही आणि जुलैची मेशी करून शाबासकी घेण्यातही नाही.

हे बिघडतं कुठं

एक माणूस हवालदार झाला की बिघडतं. आकडा सगळ्यांनी बघायचा असतो, एकानं बघून बाकीच्यांना झापायचा नसतो. पहिल्या महिन्यात मी ती चूक केली. बायकोनं शांतपणे पेन माझ्या हातातून काढून घेतलं आणि लिहायचं काम मुलीकडं दिलं. त्यानंतर इस्त्रीच्या सर्वांत जास्त नोंदी माझ्या नावावर निघाल्या.

दुसरं, नव्याची नवलाई. सहा-आठ आठवड्यांत लिहायचा कंटाळा येतो. तेव्हा रोजचं सोडून दर रविवारी लिहा. फक्त मार्चअखेर ते पाऊस पडेपर्यंत पुन्हा रोज. सगळं बंद करण्यापेक्षा विरळ झालेलं बरं.

तिसरं, म्हाताऱ्या माणसांच्या जिवावर बचत. परभणीत पारा ४३ च्या वर असताना घरात दिवसभर आई आहे, तिचा पंखा आणि कूलर हा आमच्या हिशोबात धरलेलाच नाही. हे तिला स्पष्ट सांगावं लागलं, कारण आकडा भिंतीवर गेल्यापासून ती दुपारी कूलर बंद करून उकाड्यात बसायला लागली होती. “तुमचा आकडा कमी येऊ द्या म्हणलं,” असं वर. कमी वापरणाऱ्यालाच आकड्याचा धाक जास्त वाटतो. घरात असं कुणी असेल तर आधी त्यांच्याकडं बघा.

स्मार्ट मीटर आला असेल तर

नवे मीटर बसलेल्या घरांना वापर मोबाइलवर दिसतो, आणि सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर दरात सवलतही ठेवलेली आहे. अशा घरात बोअरची मोटार, वॉशिंग मशीन, घरघंटी आणि इस्त्री दिवसा उरकावी. कोणत्या तासाला किती वापर झाला ते दिसत असेल तर लाल दिवा मोजायचं कामही बरंच कमी होतं. भिंतीवरची चौकट मात्र चालू ठेवा. आमच्या एका नातेवाइकाकडं ॲप सहा महिन्यांपासून आहे आणि ते त्यांनी बिल भरण्याशिवाय कशासाठीही उघडलेलं नाही.

आणि वर्ष संपल्यावर कॅलेंडर रद्दीत घालू नका, पुढच्या मेला हाच मे लागणार आहे. आमच्या पहिल्या वर्षाचं मेचं पान कागद चांगला जाड आहे म्हणून आईनं नातीच्या भूगोलाच्या वहीला कव्हर घालायला काढलं. यंदा तुलना करायची म्हणून मी ती वही मागितली, तर पोरगी म्हणाली, “१४ तारखेपर्यंतचंच दिसतंय बाबा, पुढचं आत दुमडलंय.”